गळ्याचं वय लपवायचं कशाला?

ब्रूस डिकिन्सनचा 'द मँड्रेक प्रोजेक्ट' १ मार्च २०२४ रोजी आला, तेव्हा तो ६५ वर्षांचा होता. त्याचा आधीचा सोलो अल्बम २००५चा, म्हणजे मध्ये जवळपास १९ वर्षं गेली. आयर्न मेडन तुम्ही ऐकला नसेल, तरी त्यांचा टी-शर्ट घालून फिरणारा एखादा मित्र तुमच्या कॉलेजात नक्की असणार. ब्रूस या बँडचा गायक. १९८१ मध्ये तो आला आणि पुढच्याच वर्षी 'द नंबर ऑफ द बीस्ट' आला. वरच्या पट्टीत ताणलेली, तरी सुरातली लांबलचक किंकाळी ही तेव्हापासून त्याची ओळख.

अशा माणसाचं नवं काही आलं की पहिला प्रश्न ठरलेला: आवाज अजून तेवढा वर जातो का? या प्रश्नात आपल्या पिढीची एक गोची आहे. १ फेब्रुवारी २००८ला मेडनने आपल्या जगभरच्या दौऱ्याची सुरुवात मुंबईत, बीकेसीतून केली. बँडचं विमान तेव्हा ब्रूस स्वतः उडवायचा. मी तेव्हा शाळेत होतो. मला हा बँड पुढे यूट्यूबवर सापडला. म्हणजे मी ब्रूसबरोबर वाढलो नाही. १९८२चा ब्रूस आणि २०२४चा ब्रूस मला एकाच प्लेलिस्टमध्ये, एकाच संध्याकाळी भेटले. मधली चाळीस वर्षं शफलने गिळली. असं ऐकलं की म्हातारा आवाज हा बिघाड वाटायला लागतो.

हा अल्बम मला महत्त्वाचा वाटतो तो इथे. त्यातलं एक गाणं आपल्याला तुलना करायला भागच पाडतं. 'इटर्निटी हॅज फेल्ड' मुळात ब्रूसने आपल्या सोलो कामासाठी लिहिलेलं. ते मेडनकडे गेलं आणि 'इफ इटर्निटी शुड फेल' या नावाने २०१५च्या 'द बुक ऑफ सोल्स'मधलं पहिलं गाणं झालं. तो अल्बम २०१४च्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये रेकॉर्ड झाला. काम उरकल्यावर तपासणीत निघालं की ब्रूसला जिभेच्या मुळाशी कॅन्सर आहे. म्हणजे ते गाणं गाताना गाठ आतच होती, आणि निदान अजून झालेलं नव्हतं. मग केमो, रेडिएशन. मे २०१५ मध्ये डॉक्टरांनी तो बरा झाल्याचं सांगितलं.

कोडच्या दोन व्हर्जन शेजारी ठेवून काय बदललं ते बघणं हे माझं रोजचं काम. ही दोन गाणी मी तशीच ऐकली. मेडनच्या गाण्यात तीन गिटार आहेत, स्टीव्ह हॅरिसचा बेस घोड्यासारखा दौडतो आणि ब्रूस त्या सगळ्यांच्या वर स्वार होतो. तिथे 'शुड' आहे, शक्यता आहे. तो धोक्याची सूचना देणाऱ्या पहारेकऱ्यासारखा गातो. नव्या गाण्यात दौड कमी, वजन जास्त. आवाज जाड झालाय, कंप रुंदावलाय, वर चढताना कडा खरखरतात. आणि नावात 'हॅज' आहे. जे व्हायचं ते होऊन गेलंय. ही बातमी तरण्या आवाजात खोटी वाटली असती.

जिथे ब्रूस खालच्या पट्टीत राहतो, तिथे अल्बम सगळ्यात चांगला आहे. 'रेन ऑन द ग्रेव्ह्ज'मध्ये स्मशानात सैतानाची गाठ पडते. कडवी तो अर्धी बोलतो, अर्धी गातो; दशावतारातल्या खलनायकासारखी मजा घेत. 'फेस इन द मिरर'मध्ये दारूने पोखरलेला माणूस आरशात बघतो. तिथे किंकाळी नाहीच. आवाज जवळ येतो, थकलेला, आणि हेडफोनवर ऐकताना थोडं अवघडायला होतं. 'रिसरेक्शन मेन' हे नाव ब्रिटनमधल्या प्रेतचोरांचं: १८३२चा कायदा येईपर्यंत हे लोक थडगी उकरून शरीरशास्त्राच्या शाळांना मढी विकायचे. एवढ्या काळ्या विषयावर गाण्याची सुरुवात मात्र काउबॉय सिनेमात शोभेल अशा गिटारने होते, आणि हा खट्याळपणा जमून गेलाय.

सगळंच जमलंय असं नाही. 'मेनी डोअर्स टू हेल' ऐंशीच्या दशकातल्या कुठल्याही हार्ड रॉक बँडचं असू शकलं असतं. शेवटचं जवळपास दहा मिनिटांचं 'सोनाटा' कीबोर्डच्या थराखाली गुदमरतं. सोबत डॉक्टर नेक्रोपोलिस आणि प्रोफेसर लाझरसची एक कॉमिक मालिकाही आहे. ती न वाचता गाणी ऐकलीत तरी काही अडत नाही. रॉय झीची गिटार मात्र जागोजागी अल्बमला सावरते. १९९४च्या 'बॉल्स टू पिकासो'पासून त्याला ब्रूसचा गळा ठाऊक आहे, आणि कुठे थांबून त्याला जागा द्यायची हेही.

आज सॉफ्टवेअरने कुणाचाही आवाज तिशीत नेऊन ठेवता येतो. मी ज्या धंद्यात आहे, त्याच धंद्याने ही सोय केलीय. उद्या एखादी कंपनी ६५ वर्षांच्या गायकाला त्याचा १९८२चा गळा परत देईल, आणि आपण खुश होऊन ऐकू. फक्त त्या गळ्याला गाठ झालेली नसेल, तो रेडिएशनमधून गेलेला नसेल. स्टुडिओत कुठलाच आवाज अगदी कच्चा राहत नाही, हे मान्य. पण या अल्बममध्ये वय पुसून टाकलेलं नाही, आणि 'इटर्निटी हॅज फेल्ड' उभं राहतं ते त्यामुळेच.

शफल बंद करा. आधी २०१५चं गाणं लावा, लगेच २०२४चं. जवळपास पंधरा मिनिटांचं काम आहे. आवाज किती वर जातो ते मोजायचं असेल तर मोजा. दुसऱ्या गाण्याच्या मध्यापर्यंत बहुतेक मोजणं सुटलेलं असेल.