चित्रात नसलेला सम्राट : हाइनेचे १८९८ चे मुखपृष्ठ

जर्मन साम्राज्यात सम्राटाचा उपमर्द हा तुरुंगवासाचा गुन्हा होता. म्हणून व्यंगचित्रकाराला सम्राट न काढता सम्राट दाखवावा लागे. म्युनिकच्या ‘सिम्प्लिसिसिमुस’ या साप्ताहिकासाठी थॉमस थिओडोर हाइने याने १८९८ मध्ये काढलेले मुखपृष्ठ हे याचे ठळक उदाहरण होय. दुसरा विल्हेल्म त्या वर्षी पॅलेस्टाइनच्या यात्रेला गेला होता. चित्रात त्याचे केवळ शिरस्त्राण दिसते. सोबत गॉटफ्रीड व बार्बारोसा हे मध्ययुगीन धर्मयुद्धांतले वीर आहेत. बार्बारोसा हसतो आहे. आपल्याही मोहिमा निरर्थकच होत्या, असे म्हणून गॉटफ्रीड त्याला आवरतो.

उपहासाची खरी धार बार्बारोसाच्या निवडीत आहे. १८९६ मध्ये उद्घाटन झालेल्या किफहॉयझर स्मारकात बार्बारोसाच्या शिल्पावर विल्हेल्मच्या आजोबांचा अश्वारूढ पुतळा उभा आहे. नवे साम्राज्य त्याचाच वारसा सांगत होते. हाइनेने त्याच पूर्वसूरीला वारसदारावर हसायला लावले.

अंक जप्त झाला. हाइनेला सहा महिन्यांची शिक्षा झाली, त्याच अंकातील कवितेबद्दल फ्रांक वेडेकिंडलाही कैद झाली आणि प्रकाशक आल्बर्ट लांगेन परदेशी निघून गेला. परंतु या शिक्षेतच एक कबुली होती : त्या शिरस्त्राणाचा धनी कोण, हे शासनालाही लगेच कळले होते.