कृमींचे स्राव आणि आतड्याचा दाह : पुराव्याची चिकित्सा

जंतांच्या स्रावातून आतड्याच्या दाहावर औषध मिळेल, हा दावा तुम्ही कदाचित वाचला असेल. तो निराधार नाही. पण त्यामागचा पुरावा किती भक्कम आहे, हे आपण तपासून पाहू.

क्रोन आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करते. अंकुशकृमीला मात्र याच यंत्रणेला चकवून वर्षानुवर्षे आतड्यात राहायचे असते. त्याच्या स्रावातील काही प्रथिने नियामक टी-पेशींना चालना देऊन दाह आवरतात. कल्पनेचे मूळ हे आहे.

सुरुवातीला संशोधकांनी स्राव नव्हे, तर जिवंत अंडीच दिली. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात क्रोनच्या 29 रुग्णांना दर तीन आठवड्यांनी डुकरातील चाबूककृमीची 2500 अंडी पाजली गेली. 24 आठवड्यांनी 23 जणांना, म्हणजे 79 टक्क्यांना, गुण आला. आकडा डोळ्यांत भरतो. पण येथे तुलनागट नव्हता, आणि हा आजार औषधाविनाही कमी-जास्त होत राहतो.

पुढे युरोपात 252 रुग्णांवर तुलनागटासह चाचणी झाली. 2500 अंडी घेणाऱ्यांपैकी 35.2 टक्के रुग्णांचा आजार शमला. अंडी नसलेले द्रावण घेणाऱ्यांत हे प्रमाण 42.9 टक्के होते. 7500 अंड्यांच्या गटातील 47.2 टक्के हा आकडाही निर्णायक फरक दाखवत नव्हता.

मग स्रावांचा मार्गही बंद झाला का? नाही. अंड्यांतून किती अळ्या निघतील आणि त्या किती स्राव सोडतील, हे आपल्या हाती नसते. शुद्ध प्रथिनाची मात्रा मात्र मोजता येते. अंकुशकृमीच्या एआयपी-1 या प्रथिनाने उंदरांतील आतड्याचा दाह कमी केला आहे. पण तो दाह रसायन देऊन काही दिवसांत निर्माण केलेला असतो. माणसाचा आजार आयुष्यभर चालतो. अंड्यांच्या अपयशाने स्राव बाद ठरत नाहीत, तसे उंदरांतील यशाने ते सिद्धही होत नाहीत.

यावरून ‘जंत बरे’ असा निष्कर्ष काढू नका. अंकुशकृमी रक्त शोषतो, त्यातून पंडुरोग होतो. म्हणूनच आपल्या देशात शाळा-अंगणवाड्यांतून मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते. आणि घरात कोणाला हा आजार असेल, तर अशा बातमीवर विसंबून चालू औषध थांबवू देऊ नका. पुढचा आकडा वाचाल तेव्हा आधी विचारा : तुलना कोणाशी केली?