डॉम पेरिन्यों २००८ : घाई नको

डॉम पेरिन्यों या शॅम्पेनची २००९ सालची वाइन आधी बाजारात आली आणि २००८ची तिच्या मागून. तेव्हाचे मुख्य वाइनकार रिशार जोफ्रॉ यांनी २००८ मुद्दाम तळघरात ठेवून घेतली होती. का, ते पहिल्या घोटातच कळतं. हिची आम्लता इतकी धारदार आहे की थोडी वर्षं अंगात मुरल्याशिवाय ती पेलली नसती.

त्या साली शॅम्पेन प्रांतातला उन्हाळा ढगाळ आणि थंडच गेला. सप्टेंबरात, द्राक्षतोडणीच्या तोंडावर, आभाळ मोकळं झालं, उत्तरेचा कोरडा वारा सुटला. पिनो न्वार आणि शार्दने दोन्ही जाती पिकल्या, पण थंडीत जमलेला आंबटपणा त्यांनी सोडला नाही. पुढची वर्षं वाइन बाटलीतच, मेलेल्या यीस्टच्या गाळावर पडून होती. विंटेज, म्हणजे एकाच सालच्या द्राक्षांच्या, शॅम्पेनला कायद्याने ३ वर्षं पुरतात. डॉम पेरिन्यों सुमारे ८ वर्षं घेते, हिला त्याहून जास्त मिळाली. शेवटी साखर घातली ती लिटरमागे जेमतेम ५ ग्रॅम. आम्लतेवर गोडीचं पांघरूण घालायचं जोफ्रॉ यांनी नाकारलं, हा मला या वाइनमधला सर्वांत धीट निर्णय वाटतो.

आता ग्लासाकडे. नाक जवळ नेताच आधी धूर येतो, नुकत्याच विझवलेल्या काडीचा. पुष्कळांना तो दोष वाटतो. ही या घराण्याची ओळख आहे; वाइनला हवेपासून जपत बनवतात, त्यातून हा वास येतो. पाचेक मिनिटं थांबा. धूर विरतो आणि मागून लिंबाची साल, पांढरी फुलं, कच्चट पीच वर येतात; आणखी थोड्या वेळाने बडीशेप आणि चुरडलेला पुदिना. भाजलेल्या पावाचा खमंगपणा सगळ्यात शेवटी. जिभेवर बुडबुडे बारीक, मऊ, जवळजवळ सायीसारखे लागतात. मग आम्लता सरळ रेषेत मध्यभागातून निघते, गालांना पाणी सुटतं आणि घोट गिळल्यावरही किंचित खारट, खडूसारखी चव बराच वेळ राहते. माझ्या मते हीच चव या वाइनची खरी संपत्ती. सुगंध तर इतर सालांतही देखणे आहेत.

एवढं सगळं हाती लागायचं तर वाढणं नीट हवं. बर्फगार केलीत तर हिचा निम्मा सुगंध मुका होतो. १० ते १२ अंश पुरे. उभट, अरुंद फ्लूट बाजूला ठेवा. पोट असलेला, तोंडाशी निमुळता वाइनचा ग्लास घ्या आणि तो एक तृतीयांशच भरा. आत सुमारे ६ वातावरणांचा दाब असतो, म्हणून तारेची जाळी सैल करताना अंगठा बुचावरून हलू देऊ नका. मग बूच घट्ट धरून बाटली फिरवा. आवाज सुस्काऱ्याएवढाच यावा. उडालेल्या बुचाबरोबर फेस आणि वाइन दोन्ही सांडतात, आणि या वाइनचा एक थेंबही सांडण्याजोगा नाही. हात बसवायचा असेल तर आपल्या दिंडोरीची शांदों ही फेसाळ वाइन आहे : उद्योगसमूह तोच, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याची पद्धतही तीच.

सोबत तिखट काही नको. मीठ लावलेले काजू, साधी तळलेली पापलेटची तुकडी, किंवा नुसतंच. केकबरोबर तर मुळीच देऊ नका; केकच्या गोडीपुढे ही वाइन कडू आणि हडकुळी लागते.

बाटली ७५० मिलीची, म्हणजे चौघांना पुरते. शेवटचा ग्लास ओतून अर्धा तास तसाच राहू द्या. तोच सर्वांत चांगला असतो.