बीटी पिकांचे अवशेष उशिरा कुजतात का? एक पेपर नीट वाचूया

"बीटी पिकांमुळे जमिनीतले सूक्ष्मजीव मरतात" असं वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहिणार असाल, तर आधी एक पेपर पूर्ण वाचा. फ्लोरेस, सक्सेना आणि स्टॉट्झ्की यांचा हा पेपर २००५ मध्ये 'सॉइल बायोलॉजी अँड बायोकेमिस्ट्री'त आला. बीटी वनस्पती मातीत कमी कुजतात, असं त्याचं शीर्षकच सांगतं.

आता त्यांनी मोजलं काय ते बघा. मका, भात, कापूस, बटाटा, तंबाखू आणि कॅनोला यांचे अवशेष वाळवून, दळून प्रयोगशाळेतल्या मातीत मिसळले आणि बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजला. बीटी जनुक सोडलं तर जवळपास सारख्याच असलेल्या वाणाशी तुलना केली, तेव्हा बीटीकडून तो कमी निघाला.

या पेपरचं खरं बळ पुढच्या तपासणीत आहे. मक्याच्या अवशेषांसोबत ग्लुकोज आणि नत्र घातलं, तरी फरक राहिला. मक्याच्या प्रयोगात जिवाणू-बुरशींची संख्या आणि एन्झाइमची क्रिया यांत लक्षणीय फरक नव्हता. जिवाणू-बुरशी रोखणारी औषधं वापरूनही चित्र बदललं नाही. म्हणजे सूक्ष्मजीवांतला फरक हे कारण दिसत नाही, असं लेखकच सांगतात. वरच्या वाक्याला हा पेपर आधार तर देत नाहीच, उलट त्याच्या विरोधात जातो!

माझे आक्षेप दोन. पहिला, कारण सापडलेलं नाही. लिग्निन लक्षणीय जास्त होतं ते मक्यात. इतर पिकांत फरक बहुतेक वेळा सांख्यिकीय कसोटीवर टिकला नाही. दुसरा, दोन साध्या हायब्रिडमध्ये मुळात किती फरक असतो, हे कळल्याशिवाय बीटीचा फरक मोठा की छोटा हे कसं ठरवणार?

झुरब्रुग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नेमकं तेच तपासलं. मक्याची ३ बीटी आणि ६ बिगर-बीटी हायब्रिड घेऊन पानं जाळीच्या पिशव्यांतून शेतात कुजू दिली. बीटी आणि बिगर-बीटी पानं सारखीच कुजली. साध्या हायब्रिडमध्ये आपापसात मात्र फरक दिसला.

मग पहिला पेपर खोटा ठरला का? नाही. एकात दळलेली पूड आणि प्रयोगशाळा, दुसऱ्यात पानं आणि शेत. प्रश्नच वेगळे आहेत.

आपल्याकडे बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. पण २०१० च्या प्रयोगात कापूस नाही, आणि २००५ मध्ये आहे तो दळलेला. विदर्भातल्या शेतकऱ्याने "पऱ्हाटी जमिनीत गाडली तर उशिरा कुजेल का?" असं विचारलं, तर या दोन पेपरवरून उत्तर देता येणार नाही. यावर काम करणार असाल तर बीटी, त्याचं जुळं वाण आणि निदान दोन-तीन साधी वाणं घ्या, आणि पऱ्हाटी न दळता शेतातच कुजू द्या. गाइडने "इतकी वाणं कशाला?" विचारलं, तर हे दोन्ही पेपर त्यांच्यासमोर ठेवा.