आठवणीतही पिकलेले केस

‘दा फाइव्ह ब्लड्स’मधल्या पहिल्याच चकमकीत काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. काळ व्हिएतनाम युद्धाचा, चहूकडून गोळ्या, आणि रायफली घेऊन धावणारे सैनिक साठी ओलांडलेले! पिकलेली दाढी, सुटलेलं पोट, सगळं तसंच. तरुण आहे तो फक्त त्यांचा म्होरक्या नॉर्मन.

आदल्याच वर्षी ‘द आयरिशमन’मध्ये मार्टिन स्कॉर्सेसीने रॉबर्ट डी निरोच्या चेहऱ्यावरची वर्षं संगणकाने पुसली होती. ‘दा फाइव्ह ब्लड्स’चा दिग्दर्शक स्पाइक ली याच्याकडे तेवढे पैसे नव्हते, म्हणून त्याने म्हाताऱ्या नटांनाच तरुणपणीच्या प्रसंगांत उतरवलं. पण गरजेपोटी काढलेली ही वाट २०२०च्या या सिनेमाचा प्राण होऊन बसली. पन्नास वर्षांपूर्वीचं आठवताना माणूस आजच्याच देहाने तिथे जातो, दुखऱ्या गुडघ्यांसकट आणि पश्चात्तापासकट. मेलेल्याचं वय तेवढं वाढत नाही. नॉर्मन झालेला चॅडविक बोसमन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कर्करोगाने गेला. ते ठाऊक असताना ही दृश्यं फार जड जातात.

पॉल, ओटिस, एडी आणि मेल्विन हे कृष्णवर्णीय माजी सैनिक व्हिएतनामला परततात ते नॉर्मनच्या अस्थी आणि पुरून ठेवलेलं सोनं शोधायला. (नावं ‘टेम्प्टेशन्स’ या गायकवृंदातली, जाणकारांसाठी ली अशा खुणा पेरत असतो.) छायालेखक न्यूटन थॉमस सिगेल आजचं हो ची मिन्ह शहर ऐसपैस रुंद चौकटीत दाखवतो आणि भूतकाळ १६ मिमी फिल्मवर, जवळजवळ चौकोनी. अमेरिकेने हे युद्ध घरोघरच्या टीव्हीवर पाहिलं ते याच आकारात.

त्या चौकोनात हनोई हॅनाचा रेडिओ लागतो. मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाल्याची बातमी या जवानांना कळते ती शत्रूच्या निवेदिकेकडून, मऊ आवाजात. आपल्याच गोऱ्या सैनिकांवर बंदूक उगारायला निघालेल्यांना नॉर्मन थोपवतो. इथे ली भाषण ठोकत नाही, चेहऱ्यांवर थांबतो. एरवी त्याला भाषणाचा मोह फार.

मोहाचे परिणाम उत्तरार्धात दिसतात. रॅम्बोछाप सिनेमांची टिंगल करणारी ही माणसं शेवटी तशाच गोळीबारात उतरतात, आणि हल्लेखोर व्हिएतनामी टोळीला धड व्यक्तिमत्त्वही मिळत नाही. तरंगत्या बाजारात पॉलशी हुज्जत घालणारा कोंबडीवाला मिनिटभरात जी जखम उघडी करतो, ती या टोळीला अख्ख्या उत्तरार्धात जमत नाही. ट्रम्पच्या घोषणेची लाल टोपी फ्रेंच खलनायकाच्या डोक्यावर जाते तेव्हा तर रूपक इतकं ठळक होतं की हसू येतं.

पण तीच टोपी पॉलच्या डोक्यावर असताना गोष्ट अवघड होते. आपल्याच लोकांना खटकणारं राजकारण तो का कवटाळतो, हे पॉल झालेला डेलरॉय लिंडो समजावत बसत नाही. फसवलं गेल्याची चीड तो चालण्यात, जबड्यात, सोबत आलेल्या मुलावर खेकसण्यात भरतो. नॉर्मन आपल्याच गोळीने मेला, हे ओझं पॉलने एकट्याने वाहिलंय. जंगलात एकटा पडल्यावर तो थेट कॅमेऱ्यात बघून बोलू लागतो. कॅमेरा मागे सरकत राहतो, पॉल त्याच्यावर चालून येतो, आणि आपल्याला नजर वळवायला जागाच उरत नाही. ऑस्करच्या यादीत टेरेन्स ब्लँचर्डचं संगीत होतं. लिंडोला साधं नामांकनही नव्हतं. त्या वर्षीच्या मतदारांनी हा प्रसंग पाहिला तरी होता का, असं विचारावंसं वाटतं.