‘फेडरलिस्ट’ ग्रंथ आणि पक्षांचें राजकारण

अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेचीं मूलतत्त्वें समजून घ्यावयाचीं म्हणजे काँग्रेस, अध्यक्ष व सर्वोच्च न्यायालय या तीन शाखांचे अधिकार पाठ करावयाचे, अशी आपल्याकडे बहुधा समजूत असते. कोष्टक तोंडपाठ होतें. परंतु ही रचना अशीच कां केली, याचा उलगडा होत नाहीं. तो व्हावा असें ज्यांस वाटतें त्यांनीं ‘फेडरलिस्ट’ हा ग्रंथ अवश्य वाचावा. मात्र वाचतांना श्रद्धा थोडी आवरून धरावी.

वस्तुतः हा ग्रंथ म्हणून लिहिलेलाच नव्हे. १७८७ सालीं फिलाडेल्फिया येथें राज्यघटनेचा मसुदा तयार झाला. न्यूयॉर्क राज्यानें तो मान्य करावा म्हणून अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन व जॉन जे या तिघांनीं ‘पब्लियस’ हें एकच टोपणनांव घेऊन वर्तमानपत्रांतून लेख लिहिण्यास प्रारंभ केला. एकंदर ८५ लेख झाले. त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या हॅमिल्टनचे. अर्थात् ही वकिली आहे. पुनरुक्ति पुष्कळ आणि प्रतिपक्षाला न्याय क्वचित्. घटनेंत नागरिकांच्या हक्कांची सनद नाहीं, हा विरोधकांचा आक्षेप ८४ व्या लेखांत हॅमिल्टननें मोठ्या ऐटींत उडवून लावला; आणि १७८९ सालीं पहिल्याच काँग्रेसपुढें ती सनद मांडली कोणीं? खुद्द मॅडिसननें!

तथापि मॅडिसनच्या १० व्या व ५१ व्या लेखांसाठीं बाकीचें सर्व सोसावें. माणसें आहेत तोंवर तट पडावयाचेच, असें तो १० व्या लेखांत सांगतो. संपत्तीची विषम वांटणी हें त्याच्या मतें तटांचें सर्वांत चिवट कारण. ते नाहींसे करूं जावें तर स्वातंत्र्यच नाहींसें करावें लागेल. म्हणून राज्य इतकें विस्तीर्ण असावें कीं, कोणत्याही एका तटाला इतरांवर सहज मात करतां येऊं नये. ५१ व्या लेखांत हाच विचार त्यानें सरकारच्या पोटांत नेला आहे. एका शाखेंतील माणसाची महत्त्वाकांक्षा दुसऱ्या शाखेंतील माणसाच्या महत्त्वाकांक्षेला अडवील, अशी ही योजना. माणसाच्या सद्गुणावर विसंबून न राहतां त्याच्या हव्यासालाच पहाऱ्यावर बसविण्याची ही युक्ति राज्यशास्त्रांत अपूर्व आहे, यांत शंका नाहीं.

परंतु या पहारेकऱ्याला आपल्या पदाचाच अभिमान सर्वांहून अधिक असेल, हें मॅडिसननें गृहीत धरलें. सभासदाला सभेपेक्षां पक्ष जवळचा वाटूं लागला म्हणजे काय करावें, याचें उत्तर ग्रंथांत नाहीं. आणि गंमत अशी कीं, पुढें थोड्याच वर्षांत हॅमिल्टन एका पक्षाचा धुरीण झाला व मॅडिसन जेफर्सनच्या जोडीनें दुसऱ्या पक्षाचा!

महाभियोगाचेंच उदाहरण घ्या. निर्णय पुराव्यापेक्षां पक्षबळावर लागेल, ही भीति हॅमिल्टननें ६५ व्या लेखांत स्वतःच बोलून दाखविली होती. तरी सेनेट सभेच्या निःपक्षपातीपणावर त्यानें भरंवसा ठेवला. प्रतिनिधिसभेनें १८६८ सालीं अँड्र्यू जॉन्सन, १९९८ सालीं बिल क्लिंटन आणि २०१९ व २०२१ सालीं डोनाल्ड ट्रंप या अध्यक्षांवर आरोप ठेविले. दोषी ठरविण्यास सेनेट सभेंत दोनतृतीयांश मतें लागतात. तीं एकदांही पडलीं नाहींत. क्लिंटनविरुद्ध त्याच्या पक्षाच्या एकाही सभासदानें मत दिलें नाहीं. २०२१ सालीं अध्यक्षाच्या पक्षांतील सात जण फुटले, तरी ६७ च्या जागीं ५७ च मतें झालीं. अपवाद जुना आहे: १८६८ मध्यें विरुद्ध पक्षांतील सात सभासदांनीं पक्षाज्ञा मोडली आणि जॉन्सन एका मतानें वांचला. त्या सातांना मॅडिसनचे खरे शिष्य म्हणावयास हरकत नाहीं.

आम्हांस याहून अधिक खुपला तो ५४ वा लेख. प्रतिनिधींची संख्या ठरवितांना पांच गुलामांबद्दल तीन माणसें धरावीं, या कलमाचें समर्थन त्यांत आहे. तें मॅडिसन स्वतःच्या तोंडानें करीत नाहीं. दक्षिणेंतील एका कल्पित गृहस्थाच्या तोंडीं घालतो. घटनाकारांनीं तरी काय केलें? मूळ घटनेंत ‘गुलाम’ हा शब्दच येऊं दिला नाहीं. तटांना तोल देणारी ही सारी रचना, परंतु ज्यांना तट करण्याचीच मोकळीक नव्हती त्यांच्या वांट्याला तींत तीनपंचमांशाचें गणित आलें, आणि त्याचा लाभही मालकांच्याच पदरीं पडला. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें. तें आपल्याकडील पुष्कळांस ठाऊक आहे. ती मुक्तता पब्लियसच्या तोलांतून आली नाहीं. १८६१ पासून चार वर्षें यादवी युद्ध झालें, तेव्हां १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ति आली.

वाचकांनीं १० वा लेख वाचून होतांच मधलीं पानें सोडून ५४ वा काढावा. बाकीचा ग्रंथ मग सवडीनें वाचला तरी चालेल.