पाच लिटरची टाकी

रसग्रहण कवितेचं करतात, फार तर एखाद्या चित्राचं. इथे ते एका टेम्पोचं करायचं आहे, आणि तेही त्याच्या माहितीपत्रकातले आकडे ओळीओळीने वाचून. गाडी आमच्या डोंबिवलीच्या कोपरमध्ये सगळ्यांच्या ओळखीची आहे: टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती. मधल्या आकाराच्या पिकअपला हायब्रिड इंजिन लावावं का, त्यातून इंधन किती वाचेल आणि गाडीचा उपयोग किती राहील, हा खल अमेरिकेत जोरात चालतो. आपल्या टेम्पोच्या दुकानात हायब्रिड मिळत नाही. तरी तोच हिशेब इथे रोज होतो, फक्त ‘डिझेल घेऊ, सीएनजी घेऊ की बॅटरीवाली?’ या प्रश्नाच्या रूपात.

पहिला छोटा हत्ती २००५च्या मे महिन्यात आला. त्याच्या माहितीपत्रकातले पहिले आकडे अगदीच किरकोळ वाटतात. दोन सिलिंडर, ७०२ सीसी, १६ अश्वशक्ती. कॉलेजच्या पोरांच्या मोटरसायकलीसुद्धा याहून जोरकस असतात. हे इंजिन कुठून आलं हे कळलं की मात्र आकडा वेगळा दिसायला लागतो. इंडिकाचं चार सिलिंडरचं १४०५ सीसीचं डिझेल इंजिन कंपनीकडे तयार होतं. तेच निम्मं केलं. कंपनीतल्या गिरीश वाघ यांच्या चमूने ही गाडी घडवली, आणि कागदावर रेघ मारण्याआधी ही मंडळी तीनचाकीवाल्यांना भेटत हिंडली. त्या भेटींमधली एक गोष्ट वाहन उद्योगात अजून सांगितली जाते: एक तीनचाकीवाला म्हणे म्हणाला, चार चाकं असतील तर लग्नाला मुलगी तरी मिळेल. खरी असो वा रंगवलेली, गाडीच्या रचनेत ती गोष्ट दिसते. चारचाकीची अब्रू हवी, पण किंमत आणि खर्च तीनचाकीच्या जवळ हवा. त्या अडचणीतून जे जे गाळता येईल ते गाळलं आणि ही गाडी उरली.

आता खरी ओळ. गाडी मालासकट १५५० किलो, त्यात माल ७५० किलो. म्हणजे भरलेली गाडी जवळपास निम्मी मालच आहे. सिमेंटच्या पन्नास किलोच्या पंधरा गोण्या. शेजारच्या ओळीत वळणाची त्रिज्या ४.३ मीटर. शहराबाहेरच्या वाचकाला हा आकडा तांत्रिक वाटेल. कोपर गावात जुन्या चाळी पाडून इमारती झाल्या, गल्ल्यांची रुंदी तीच राहिली. तिथे गाडी उलटी आत घालावी लागते. मागे उभा असलेला पोऱ्या फाळक्यावर थाप मारत ‘येऊ दे, येऊ दे, बस्स’ ओरडतो, आणि एका बाजूला कोणाच्या तरी जिन्याची पायरी असते तर दुसरीकडे स्कूटर. मोठी पिकअप असेल तर गोण्या गल्लीच्या तोंडाशी उतरतात आणि पुढे हमालाच्या डोक्यावरून जातात. ती हमाली कुठल्याच अ‍ॅव्हरेजमध्ये धरलेली नसते.

माल चढवताना चालकाचं लक्ष कुठे असतं ते बघण्यासारखं आहे. तो गोण्या मोजत नाही, मागच्या चाकाकडे बघतो. एकेक गोणी पडते तसे पाटे सरळ होत जातात आणि टायर व मडगार्ड यांच्यातली फट कमी होते. त्या फटीवरून त्याला वजन कळतं. (पंधरा गोण्यांवर तो थांबतो असं मी म्हणणार नाही. थांबायला हवं, एवढं म्हणतो.)

या आकड्यांशेजारी अमेरिकेतली फोर्ड मॅव्हरिक ठेवून पाहू. २०२२च्या मॉडेलपासून विकली जाणारी ही छोटी हायब्रिड पिकअप तिकडे काटकसरीची गाडी म्हणून नावाजली गेली. ताकद १९१ अश्वशक्ती, वाहून नेण्याची क्षमता १५०० पौंड, म्हणजे सुमारे ६८० किलो. बाराएक पट ताकद, आणि छोट्या हत्तीपेक्षा जवळपास दीड गोणी कमी! तुलना अन्यायाची आहे, मला मान्य आहे. मॅव्हरिकमध्ये पाच माणसं आरामात बसतात, ती महामार्गावर सुसाट जाते आणि अपघातात माणसांना कितीतरी चांगलं जपते. पण ‘उपयोग’ या शब्दाखाली दोन ठिकाणी काय काय मोजलं जातं, ते या दीड गोणीत स्पष्ट दिसतं.

त्याच मॅव्हरिकच्या कागदावर एक ओळ मला फार आवडते. तिथल्या सरकारी चाचणीत पहिल्या मॉडेलचं अ‍ॅव्हरेज शहरात गॅलनला ४२ मैल आणि महामार्गावर ३३ आहे. आपल्या भाषेत लिटरला साधारण १८ आणि १४ किलोमीटर. नेहमीच्या गाडीत हे उलट असतं, शहरात कमी आणि मोकळ्या रस्त्यावर जास्त. हायब्रिडमध्ये ब्रेक दाबला की वाया जाणारी ऊर्जा मोटर परत बॅटरीत टाकते, आणि सिग्नल सुटल्यावर गाडी त्याच विजेवर हलते. इंजिनाला फुकट धडधडत राहावं लागत नाही. मोकळ्या रस्त्यावर ब्रेकच कमी, म्हणून परतावाही कमी. हे वाचलं की कल्याण-शिळ रस्ता डोळ्यांसमोर येतो, आणि कोपर पूल बंद असतानाचा वळसाही. डोंबिवली पूर्व-पश्चिम जोडणारा कोपर पूल सप्टेंबर २०१९मध्ये धोकादायक ठरून बंद झाला आणि नव्याने बांधून सप्टेंबर २०२१मध्ये खुला झाला. त्या दोन वर्षांत पूर्वेचा माल पश्चिमेला न्यायचा तर ठाकुर्लीच्या पुलाकडे वळसा घालून, पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर. हायब्रिडची कल्पना जन्माला आली ती अशाच रस्त्यासाठी. तशी पिकअप इथे मिळत नाही, आणि जिथे रस्ते रुंद आहेत तिथे विकली जाते, याला काय म्हणावं?

मात्र पिकअपमधलं सगळंच हायब्रिड काटकसरीसाठी नसतं. टोयोटाच्या टॅकोमाचं २०२४चं हायब्रिड घ्या. ही खरोखर मधल्या आकाराची पिकअप. टर्बो पेट्रोल इंजिनाच्या जोडीला ४८ अश्वशक्तीची मोटर, मिळून ३२६ अश्वशक्ती. साध्या टॅकोमापेक्षा अ‍ॅव्हरेज वाढतं ते गॅलनमागे एखाद-दोन मैल. इथे मोटर ओढ वाढवण्यासाठी आहे. इंधन वाचलं तर वाचलं. असल्या गाडीला काटकसरीच्या मापाने नावं ठेवणं चूक, आणि काटकसरीची म्हणून ती गळ्यात मारणं त्याहून चूक.

मुळात ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा प्रश्नच मालवाहू गाडीला अपुरा पडतो. समजा, एक गाडी लिटरला २० किलोमीटर देते आणि पंधरा गोण्या नेते. दुसरी १४च देते, पण तीस नेते. गोणीच्या हिशेबाने दुसरी सरस: लिटरमागे पहिलीचं काम ३००, दुसरीचं ४२०. पण हे तीस गोण्या मागणारा गिऱ्हाईक असला तर. कोपरमधल्या दुरुस्तीच्या कामाला बारा गोण्या लागतात, किंवा एक फ्रिज, एक कपाट आणि दोन गाद्या. मग दुसरीचा हौदा अर्ध्याहून जास्त रिकामा जातो, १६८वर येते ती, आणि पहिली २४०वर. शिवाय परतीची फेरी दोघींचीही बहुतेक रिकामीच.

म्हणून २०२५च्या जूनमध्ये आलेल्या ‘एस प्रो’चं माहितीपत्रक मी वीस वर्षांनंतरच्या सुधारित आवृत्तीसारखं वाचतो. माल पुन्हा ७५० किलो. पहिल्या आवृत्तीची ती ओळ कंपनीने हलवली नाही. पण तिचे तीन पाठ केले. जाहीर झाल्या वेळी पेट्रोलची किंमत ३.९९ लाख, सीएनजी आणि पेट्रोल अशा दोन्हींवर चालणारीची ४.९९ लाख, बॅटरीवालीची ६.५० लाख. यातली मधली, दोन इंधनांची, हीच आपल्याकडची खरी तडजोड. तिचं सीएनजीचं नळकांडं पाण्याच्या मापाने ४५ लिटरचं, म्हणजे पूर्ण दाबाने भरलं तर साधारण सात किलो गॅस. आणि पेट्रोलची टाकी फक्त पाच लिटर.

या पाच लिटरवर थांबायला हवं. पन्नास का नाही? एक कारण नियमांमध्ये आहे: सीएनजीच्या चारचाकीला अडीनडीपुरती पाच लिटरपर्यंतची पेट्रोल टाकी चालते. पण दुसरं कारण मला जास्त जवळचं वाटतं. रचना करणाऱ्याने मान्य केलेलं आहे की गॅस कधीतरी मिळणार नाही, रांग लांब असेल, दाब कमी असेल. नोव्हेंबर २०२५मध्ये आरसीएफ या खत कारखान्याच्या आवारात ‘गेल’ कंपनीच्या गॅसवाहिनीला इजा झाली आणि मुंबई-ठाण्याच्या पंपांवर रिक्षा-टॅक्सींच्या रांगा लागल्या, तेव्हा ज्याच्या गाडीत पाच लिटर होते तो निदान हातातलं भाडं पोचवून घरी गेला. हायब्रिडमध्ये दोन शक्ती एकमेकींना हात देतात. इथे दुसरी शक्ती पहिली रुसली तरच कामाला येते. तंत्र म्हणून हे कितीतरी साधं आहे, आणि इथल्या जगण्याची ओळख मात्र जास्त पक्की.

गॅसचे तोटे कागदावर लपलेले नाहीत. ताकद पेट्रोलवर ३० अश्वशक्ती, गॅसवर २६. कोपर पुलाच्या चढावर गोण्या भरलेल्या असताना या चार घोड्यांची उणीव जाणवते, गिअर एक पायरी खाली आणावा लागतो. नळकांड्याची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते, तो दिवस कमाईतून जातो. टाटांचीच इंट्रा व्ही२० ही २०२२ची दोन इंधनांची पिकअप १००० किलो माल नेते. वीस गोण्या रोज मिळणार असतील तर तीच घ्यावी.

आणि बॅटरीवाली? २०२२ला आलेल्या पहिल्या एस ईव्हीने ६०० किलो माल आणि १५४ किलोमीटर पल्ला सांगितला होता. म्हणजे विजेसाठी तीन गोण्या उतरवाव्या लागल्या. एस प्रो ईव्हीने त्या तीन गोण्या परत मिळवल्या, बॅटरी २१.३वरून १४.४ किलोवॉट-तासांवर आणून. माझ्या मते या सगळ्या कागदपत्रांमधली ही सर्वांत देखणी दुरुस्ती आहे. मॉलचा किंवा कुरिअरचा ठरलेला फेरा असेल, भिवंडीच्या गोदामातून निघून मोठागाव-माणकोली पुलावरून डोंबिवलीत, तर ही गाडी दोन्ही इंधनांना मागे टाकेल. गर्दीत तिला ना क्लच, ना धूर, आणि ब्रेकमधून वीज परत. पण कोपरचा टेम्पोवाला नाक्यावर उभा राहून भाडं घेतो. आज ठाकुर्ली, उद्या पनवेल, परवा मुरबाडला लग्नाचं सामान. रात्री गाडी जिथे जागा मिळेल तिथे लागते आणि त्या जागेला विजेचा मीटर नसतो.

या तीनही पाठांत एक ओळ मला सापडली नाही. भरलेल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज आणि रिकाम्या गाडीचं अ‍ॅव्हरेज वेगवेगळं छापलेलं नाही. टेम्पोवाल्याचा निम्मा दिवस रिकाम्या हौद्यानिशी जातो, आणि हायब्रिड, गॅस की बॅटरी याचा निवाडा बहुधा त्याच निम्म्या दिवसात होतो. पुढच्या माहितीपत्रकात हे दोन आकडे शेजारी शेजारी आले, तर निदान वितंडवाद तरी कमी होईल.